घोड्याची टाच



लहानपणी आपणां सर्वांना घरातल्या आजीने एक कोडे घातलेले असते. भाकरी का करपली, घोडा का अडला, पाने का सडली? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच, फिरवले नाही म्हणून. कोडे मोठे चतुराईचे आहे. परंतु ज्या घराचे पोट घोड्यावर चालत होते, त्या घरातल्या माणसाला त्यातले मधले उत्तर पुरत नाही. घोडा अडण्याची कारणे पुष्कळ असतात. त्यांतले अत्यंत जुने, नेहमीचे आणि तरीही कमीत कमी बोलले जाणारे कारण त्याच्या पायाखालीच असते. ते म्हणजे त्याची टाच.

मराठीत हा शब्द आपल्याला तीन ठिकाणी भेटतो. स्वार घोड्याला टाच मारतो, ती स्वाराची टाच. कर्ज थकले की घरावर आणि भांड्याकुंड्यांवर टाच येते, ती सावकाराची टाच. आणि तिसरी घोड्याची स्वतःची. इतिहासाच्या पुस्तकांत पहिली टाच पानोपानी आढळते. दुसरी कोर्टाच्या दप्तरात आहे. तिसरीचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी लिहिला नाही, कारण तो नालबंदाच्या हातात होता आणि नालबंदाच्या हातात लेखणी नव्हती. तो इतिहास जमेल तसा आपणांपुढे मांडावा एवढाच आजचा हेतू आहे. मी पंडित नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा चुकलो तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

माझे वडील नाशिकरोड स्टेशनावर टांगा चालवीत. घोडा होता, टांगा होता आणि दोहोंवर कर्ज होते. नालबंद महिन्या-सव्वा महिन्याने यावा असा शिरस्ता होता. पण पावसाळ्यात भाडी कमी झाली की वडील म्हणत, या खेपेला राहू दे, नाल अजून शाबूत आहे. महिन्याचे दोन महिने होत, दोनाचे तीन. नाल खरोखरच शाबूत असे, आणि नेमके तेच दुखणे होते, हे मला फार वर्षांनी कळले. एका पावसाळ्यात घोडा पुढच्या डाव्या पायाने अखडू लागला. वडिलांना वाटले, आळसावला. चाबूक वाढला. दिवाळीपर्यंत घोडा उभा राहीनासा झाला. घोड्याची टाच गेली आणि मागोमाग सावकाराची टाच टांग्यावर आली. घोडा येवल्याच्या बाजारात मिळेल त्या किमतीला विकला. वडील मालधक्क्यावर हमाली करू लागले. त्यांनी त्या घोड्याचे नाव पुन्हा काढले नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. खूर म्हणजे काय? घोडा एका बोटाच्या टोकावर उभा असतो आणि खूर हे त्या बोटाचे नख आहे. आपण त्याच्या पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतो, तो वस्तुतः त्याचे मनगट होय. या नखाची पुढची बाजू जाड व कणखर असते. तिला आपण चवडा म्हणू. मागे जाता जाता खुराची भिंत पातळ होत जाते आणि दोन्ही अंगांनी आत वळते. जिथे वळते, तिथे टाच. खूर उचलून तळ पाहिला तर दोन टाचांच्या मध्ये नांगराच्या फाळासारखी, टोक पुढे असलेली, रबरासारखी एक गादी दिसते. पाऊल जमिनीवर पडले की टाचा किंचित फाकतात, गादी दबते, धक्का जिरतो आणि पायातले रक्त वर चढण्यास मदत होते. घोड्याच्या अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. तीनशे किलोच्या घोड्याचे एकशे ऐंशी किलो! तो हा भार दर पावलाला या दोन खुरांच्या स्वाधीन करतो.

नख वाढते तसा खूर वाढतो, महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर. चवड्याचे शिंग मुळापासून जमिनीपर्यंत नवे होण्यास ९ ते १२ महिने लागतात. टाचेची उंची कमी, म्हणून ती चार-पाच महिन्यांत नवी होते. हे दोन आकडे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. आजच्या व्याख्यानातला सारा हिशेब त्यांच्यावर बसलेला आहे.

रानातल्या घोड्याची वाढ आणि झीज बरोबरीने चालते. माणसाने नाल ठोकला की झीज थांबते, वाढ मात्र थांबत नाही. चवडा पुढे पुढे जातो आणि त्याच्याबरोबर नालही पुढे सरकतो. महिना, दोन महिने, तीन महिने. नालाची मागची टोके मुळात टाचेच्या मागे असायला हवीत, ती टाचेच्या पुढे जातात. मग सारा भार टाचेच्या कोवळ्या शिंगावर येतो. ते चिरडते, पुढे झुकते, खाली बसते. नाल शाबूत आणि टाच गेली, असा हा प्रकार आहे. दुसरा प्रकार याच्या उलट. नाल अरुंद असला किंवा खिळे फार मागे ठोकले, तर टाचेला फाकताच येत नाही. ती आवळत जाते, दोन्ही टाचा एकमेकींजवळ येतात आणि मधली गादी सुकून बारीक होते. तिसरा प्रकार पावसाळ्याचा. ओल्या शेणामुतात घोडा उभा राहिला की गादीच्या खाचांत सड लागते, काळा घाण वासाचा स्राव येतो. अशा घोड्याला टाच टेकवली की कळ येते, म्हणून तो चवडा आधी टेकवतो, पाऊल आखूड टाकतो, ठेचकाळतो. हाकणाऱ्याला वाटते, जनावर आळशी आहे. कारखान्यातल्या मुकादमाचीही समजूत पुष्कळदा अशीच असते, हे मी अनुभवाने सांगतो.

हे ज्ञान काही आजचे नव्हे. ग्रीक लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. घोडा घेताना आधी पाय पाहा, जोते कच्चे असेल तर वरचे घर सुंदर असून काय उपयोग, असा त्याचा रोख आहे. त्या काळी खिळ्यांचा नाल रूढ नव्हता. खूर टणक व्हावा म्हणून तबेल्यासमोर मुठीएवढे गोटे पसरून त्यांवर घोडा उभा करावा, असा त्याचा उपाय होता. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यकाची मोठी परंपरा चालत आली. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावरचे ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ संस्कृतात आहेत. शालिहोत्राच्या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला सालोतरी म्हणू लागले. म्हणजे वैद्याला ऋषीचे नाव मिळाले. नालबंद मात्र नालबंदच राहिला.

असे असले तरी मराठ्यांच्या इतिहासात एक जागा अशी आहे की जिथे नालबंदाची गणती झाली आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराममहाराजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस, शिवाजीमहाराजांची बखर लिहिली. तीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. आणि त्याच ठिकाणी असेही आहे की दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा. लढाईचे वर्णन वाचताना हे वाक्य नजरेतून सुटते. माझी नजर मात्र तिथे खिळली, कारण माणशी किती काम हा माझा रोजचा विषय आहे.

जरा हिशेब करून पाहू. पंचवीस घोडे म्हणजे शंभर खूर. महिन्याभरात सगळ्यांवर एकदा हात फिरवायचा, तर दिवसाला तीन-चार खूर होतात. इतक्या कामाला घाई लागत नाही. खूर उचलून पाहायला, साफ करायला, चवडा मागे घ्यायला, नाल खुराच्या मापाने वळवायला सवड राहते. एका हजारीत साडेबाराशे घोडे, म्हणजे पन्नास नालबंद. हे पन्नास लोक तलवार चालवीत नव्हते, पण त्यांच्यावाचून साडेबाराशे तलवारी छावणीतच राहिल्या असत्या. १७२८ साली बाजीरावाने निजामाला आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला कोंडले. त्या मोहिमेच्या वेगाचे आपण कौतुक करतो. कौतुक करताना त्या वेगाचे खूर कोणी राखले, हेही विचारावे.

पेशवाईच्या कागदांत ‘नालबंदी’ हा शब्द वारंवार येतो. तिथे त्याचा अर्थ नाल मारणे एवढाच नाही. मोहिमेस निघण्यापूर्वी सरदार-शिलेदारांना घोडी व स्वार सज्ज करण्यासाठी जी आगाऊ रक्कम देत, तिला नालबंदी म्हणत. फौजेच्या उचलीला नाव मिळाले ते घोड्याच्या पायावरून! खर्चाचा पहिला पैसा कुठे जायला हवा, हे त्या शब्दाने सांगून ठेवले आहे.

शिवाजीमहाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्कराला पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी वापरा, बेपर्वाईने आधीच संपवाल तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. जनावराच्या मरणाचा जाब ज्याच्या हाती कोठार आहे त्याला विचारावा, ही दृष्टी त्यात दिसते. पावसाळ्यात फौज छावणीला राहायची, दसऱ्याला बाहेर पडायची. म्हणजे घोड्याला जवळजवळ चार महिने विसावा. टाच नवी व्हायला चार-पाच महिने लागतात, हे मघाशी सांगितलेच. तो मेळ कोणी मुद्दाम घातला होता असे मी म्हणणार नाही, परंतु तो घोड्याच्या फायद्याचा होता खरा. भीमेच्या खोऱ्यातल्या ज्या काटक भीमथडी घोड्यांवर मराठी फौज दौडली, त्यांची स्वतंत्र जात म्हणून शासकीय नोंद आता आपल्या काळात झाली आहे. जातीची नोंद झाली, आनंद आहे. तिचा खूर राखणाऱ्या कसबाची नोंदही व्हायला हवी.

इंग्रजी अमलात हे कसब शास्त्राच्या कक्षेत आले. युरोपात १७६१ साली फ्रान्समध्ये लिआँ येथे पशुवैद्यकाच्या पहिल्या शाळेला मान्यता मिळाली, १७९१ मध्ये लंडनला महाविद्यालय निघाले. त्या महाविद्यालयाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ब्रेसी क्लार्क याने एक साधी पण मोठी गोष्ट केली. तरुण घोडीला नाल मारल्यानंतर तिच्या खुराचे ठसे तो काही वर्षे घेत राहिला. ठसे शेजारी ठेवल्यावर दिसले की गोल, रुंद खूर वर्षागणिक मागच्या बाजूने आवळत गेला आहे. खूर ही मेलेली खुंटी नव्हे, तो लवचिक आहे, आणि लोखंडाच्या पक्क्या कड्यात त्याची लवचिकता मरते, हे त्याने दाखवले. नाल मारावा की मारूच नये हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मी त्यात एवढेच म्हणेन की डांबरी आणि दगडी रस्त्यावर दिवसभर राबणाऱ्या घोड्याची झीज वाढीपेक्षा जास्त होते, त्याला पायताण हवे. पण ते पायताण कोणत्या मापाचे आणि किती दिवसांनी बदलायचे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या प्रांतात १८६२ साली पुण्याला लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दरम्यान १८७४ पासून मुंबईत घोड्यांच्या ट्रामा धावू लागल्या, त्या १९०५ पर्यंत धावल्या. आपल्या नाशकातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशन ते गाव अशी ट्राम झाली आणि आरंभी तीही घोडेच ओढीत. लष्कराचा घोडा सरकारचा, ट्रामचा घोडा कंपनीचा. तो लंगडला तर नुकसान मालकाच्या वहीत चढे, म्हणून त्याच्या खुराकडे पाहणे मालकाला भाग होते. टांग्याच्या घोड्याची गोष्ट निराळी. तिथे मालक, हाकणारा आणि कर्जदार एकच. घोडा एक दिवस उभा राहिला तर त्याच्या मुलांना त्या दिवशी जेवण नाही. शास्त्र परळपर्यंत आले होते, पण टांगास्टँडपर्यंत पोचायला त्याला भाडे परवडत नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता माझ्या चुकीची हकीकत सांगतो. ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९९५ च्या सुमारास मी शहरातल्या उरल्यासुरल्या टांगेवाल्यांना एकत्र करीत होतो. रिक्षा वाढल्या होत्या, टांग्याची भाडी घटत होती. त्याच वेळी नालबंदांनी दर वाढवून मागितला. मी टांगेवाल्यांची सभा घेतली आणि ठराव केला की जुन्याच दराने नाल मारतील तर ठीक, नाहीतर महिनाभर कोणीही नाल मारून घ्यायचा नाही. नालबंद हातावर पोट असलेले, पंधरवड्यात नमले. मी विजयाचे भाषण केले. टाळ्याही झाल्या.

पुढच्या सहा-आठ महिन्यांत स्टँडावर लंगडणारे घोडे वाढू लागले. एका वृद्ध नालबंदाला आम्ही सगळे चाचा म्हणत असू. त्यांना मी जरा दरडावूनच विचारले, “चाचा, हे काय चालवलंय?” ते खूर तासता तासता मान वर न करता म्हणाले, “भाऊ, तू माझा दर कापलास. मी माझा वेळ कापला. आता घोड्यानं काय कापावं, ते तूच सांग.”

त्यांचे म्हणणे खरे होते. जुन्या दरात पोट भरायचे तर दिवसाला दुप्पट घोडे करावे लागत. मग खुराच्या मापाने नाल वळवायचे सोडून नालाच्या मापाने खूर कापला जाई. जुना झिजलेला नालच पुन्हा ठोकला जाई. चवडा मागे घ्यायला वेळ नसे, मग तो पुढून दिसायला नीट करून सोडून देत. मी एका कामगाराच्या पोटावर पाय देऊन दुसऱ्याचे पोट वाचवायला गेलो आणि तो पाय घोड्याचा निघाला. वडिलांनी गरिबीमुळे जे केले, ते मी पुढारीपणाच्या तोऱ्यात केले.

मी चाचांची माफी मागितली. दर वाढवून द्यायचे सभेत कबूल करून घेतले. पण बिघडलेले खूर ठरावाने सुधारत नाहीत. एका टांगेवाल्याची तांबडी घोडी सर्वांत वाईट स्थितीत होती. दोन्ही पुढच्या टाचा चिरडून पुढे झुकलेल्या, एका टाचेजवळ उभी चीर, गादीत सड. पुष्कळांनी विकून टाक म्हणून सांगितले. चाचा म्हणाले, “हिला मी उभी करतो. पण मला दहा महिने पाहिजेत. आणि पहिले तीन-चार महिने हिच्या पाठीला टांगा लागता कामा नये.”

ते दहा महिने मी जवळून पाहिले, म्हणून त्यांचा क्रम सांगतो. पहिल्या दिवशी नाल काढले. खाचांतली घाण काढून मोरचुदाच्या पाण्याने धुतले आणि तबेल्यातली ओली जमीन खणून कोरडी माती व मुरूम भरला. औषधापेक्षा ती कोरडी जमीन अधिक कामाला आली. चाचांनी लांबलेला चवडा मागे घेतला, पण एकदम नाही, दर तीन आठवड्यांनी थोडा थोडा. मी विचारले, एकदाच का कापत नाही? ते म्हणाले, वर्षाचं वाकडं दिवसात सरळ केलं तर वरचा सांधा दुखावतो. टाचेचे चिरडलेले, पुढे दुमडलेले शिंग निरोगी भाग लागेपर्यंत उतरवले. माझ्यासारख्याला हे उलटे वाटले. टाच आधीच खाली गेलेली, ती आणखी का कापायची? परंतु वाकलेल्या खांबावर भार देत राहिल्याने खांब सरळ होत नाही. तो पायाशी, सरळ भागापर्यंत कापावा लागतो, मग नवे शिंग नीट दिशेने उतरते. मधल्या गादीला मात्र त्यांनी सुरी लावली नाही, फक्त सडलेल्या चिंध्या काढल्या.

मग घोडीला रोज सकाळ-संध्याकाळ गोदाकाठच्या मऊ जमिनीवरून हळूहळू फिरवायचे. आजीच्या कोड्याचे उत्तर इथे खरे ठरले. टाच फाकण्या-मिटण्याचे काम चालण्यानेच होते, नुसत्या उभ्या घोड्याची टाच भरत नाही. चौथ्या महिन्यात टाचेवर नव्या शिंगाची सरळ पट्टी खालपर्यंत आली. तेव्हा चाचांनी नवा नाल घडवला. तो नेहमीपेक्षा रुंद होता आणि मागच्या बाजूला टाचेच्या थोडा मागेपर्यंत जाणारा, म्हणजे टाचेला आधार मिळावा असा. ज्या बाजूला चीर होती तिथे नालाची दोन्ही टोके पट्टीने जोडून बंद केली होती, भार त्या एका जागी पडू नये म्हणून. खिळे सगळे पुढच्या अर्ध्या भागात, मागे एकही नाही. त्यानंतर दर चार आठवड्यांनी पुन्हा काढणे, तासणे, बसवणे. पाचव्या महिन्यात रिकामा टांगा, सहाव्यात जवळचे हलके भाडे. दहाव्या महिन्यात घोडी स्टँडावर नेहमीच्या रांगेत उभी राहिली. अगदी पूर्वीसारखी झाली असे मी म्हणणार नाही. एक टाच कायमची थोडी कमी राहिली आणि उतारावर तिला जपावे लागे. पण ती काम करू लागली आणि तिच्या मालकावर माझ्या वडिलांसारखी पाळी आली नाही.

आता कळीचा प्रश्न. त्या पहिल्या महिन्यांत त्या घरात चूल कशी पेटली? चाचांचे कसब कितीही थोर असले तरी घोडीला विसावा द्यायला मालकाच्या घरी पीठ लागते. आम्ही बाकीच्या टांगेवाल्यांकडून रोज थोडी वर्गणी गोळा केली आणि त्या कुटुंबाला आठवड्याला देऊ लागलो. काहींनी कुरकुर केली. एकाने विचारले, घोड्याची आजारपणाची रजा का? मी म्हणालो, होय, तीच. पुढे त्या वर्गणीतून आणखी काही घोड्यांना विसावा मिळाला. टांगेच संपले तसा तो फंडही संपला. माझ्या सगळ्या चळवळीत छापील अहवालात न गेलेले पण मला विशेष समाधान देणारे काम ते आहे.

याच काळात कायदा वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. १९४८ च्या कारखाना कायद्यात प्रौढ कामगाराला दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि सुटीशिवाय सलग पाच तासांहून अधिक राबवू नये असे कलम होते. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांतही दिवसाला नऊ तास आणि सलग पाच तास हीच मर्यादा आहे. शिवाय पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये असे आहे. म्हणजे सरकारच्या मोजपट्टीवर यंत्रापुढचा माणूस आणि टांग्यापुढचा घोडा एकाच रेघेवर होते! मी हे सभेत सांगितले तेव्हा लोक हसले, मग गप्प झाले. लंगडे जनावर जुंपणे हाही गुन्हा आहे, आणि असावाच. परंतु दंड हाकणाऱ्याला होतो. विसाव्याच्या दिवसांचा खर्च कुणी द्यायचा, याबद्दल त्या कलमात काही नाही. क्रौर्य थांबवायचे असेल तर दंडाच्या पावतीबरोबर विसाव्याची सोयही करावी लागते.

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. नाशकातले टांगेही गेले. कोणी म्हणेल, मग हा इतिहास झाला, आता त्याचे काय? पण घोडा अजून राबतो आहे. लग्नाच्या वरातीत आहे, वीटभट्टीच्या वाटेवर आहे, माथेरानच्या डोंगरावर आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांची ने-आण घोड्यांनी केली. तिथल्या लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक घालण्यावरून मोठा वाद झाला. घोडेवाल्यांचे म्हणणे होते की त्या फरशीवर घोडे घसरतात. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा हव्या होत्या, आणि त्यांची मागणी न्याय्यच होती, कारण माणसाने माणसाला ओढणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ साली त्या न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. मला त्यात एवढेच सुचवायचे आहे की रस्ता बांधताना त्यावर कोणाचे पाय पडणार हे आधी पाहावे. चाकाला सपाट वाट लागते, टाचेला किंचित दबणारी. दोन्ही गरिबांना पुरेल असा रस्ता अभियंत्यांना सुचणार नाही, असे मी मानीत नाही. एका कष्टकऱ्याच्या सोयीसाठी दुसऱ्याचे जनावर लंगडे करण्याची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो.

आपल्या येवल्याला घोड्यांचा बाजार भरतो, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते. तिथे घोड्याचा रंग, भोवरे, चाल, नाच यांवर लाखांच्या बोल्या होतात. अशा बाजारात नालबंदासाठी एक पक्की शेड असावी, कोरडी जमीन असावी, आणि घोडा विकत घेणाऱ्याने आधी खूर उचलून टाच पाहावी, असा रिवाज पडावा. लष्कराच्या मीरतच्या केंद्रात नालबंद शिकवून तयार करतात. मग तंत्रशिक्षणाच्या शाळेत वेल्डर, फिटर यांच्या शेजारी नालबंदाला जागा मिळाली तर सरकारचे फार पैसे जाणार नाहीत. आणि त्याला मोबदला नालागणिक देण्याऐवजी घोडा सांभाळण्यावर, महिन्याच्या हिशेबाने द्यावा. नालागणिक दर दिला की घाई येते, महिन्याचा दिला की त्याची नजर टाचेवर राहते. सभासदाच्या बखरीतल्या पंचवीस घोड्यांमागे एका नालबंदाचा अर्थ मला तरी असाच लागतो.

चाचा आता हयात नाहीत. त्यांची सुरी आणि कानस त्यांच्या मुलाने मोडीत घातली, कारण त्या पेशात पोट भरेना. आपल्यापैकी पुष्कळांच्या उंबऱ्यावर किंवा दारावर शुभ म्हणून जुना नाल ठोकलेला असेल. घरी गेल्यावर तो एकदा नीट पाहावा. खिळ्यांची भोके पुढच्या भागातच आहेत की अगदी मागेपर्यंत गेली आहेत? मागची टोके पातळ झिजली आहेत का, एक बाजू दुसरीहून जास्त झिजली आहे का? ज्या घोड्याने तो घातला होता तो सुखाने चालला की लंगडला, हे त्या लोखंडावर लिहिलेले असते. वाचता येणारे मात्र थोडे उरले आहेत.